पहाटं चार वाजता आपोआप वाजणारा हॉर्न

मार्गशीर्ष लागून आठ-दहा दिवस झाले असतील. पहाटं चारच्या सुमाराला अंगणात उभ्या असलेल्या जीपचा हॉर्न एकाएकी वाजायला लागला. टीं टीं नाही, एकच लांब सूर. मला वाटलं कुणाचं पोरगं खोड्या काढायलंय, म्हणून काठी घेऊन बाहेर आलो तर गाडीजवळ चिटपाखरू नाही, चावी घरात खुंटीला अन् हॉर्न चालूच. कुत्री उठली, समोरचे आबा कानटोपी घालून ओट्यावर आले अन् म्हणले, "काय रे, पुनव जवळ आली की तुझी गाडी पण ओरडायली का". अंधारात पाना सापडेना, शेवटी हॉर्नची वायरच हिसका मारून उपटली तेव्हा गल्ली झोपली.

गाडी म्हणजे जुनी डिझेल जीप, वर ताडपत्रीचं हूड, बाजूला पडदे, तेही फाटले तसे काढून टाकलेले. नव्या गाड्यांत सगळं कसं प्लास्टिकच्या आत झाकलेलं असतं, आमच्यात डॅशबोर्डखाली हात घातला की वायरींचा झुपकाच हातात येतो. त्यात मी वरून लावलेलं सामान, म्हणजे पुढं दोन पिवळे फॉग लाईट, एक टेप, मोबाईलचा चार्जर, मागं शेतात उजेड पडावा म्हणून एक जादा दिवा. फॉग लाईट हौसेचे नाहीत बरं का. आमचं गाव लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठाला, डिसेंबर-जानेवारीत नदीच्या खोलगट भागात धुई अशी साचती की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, त्यात कारखाने चालू असतात अन् उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टर न लावता रस्त्यात. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री, त्यामुळं रात्रीच्या आठवड्यात दोन वाजता मोटर चालू करायला जावंच लागतं.

हॉर्नच्या आधीपण लक्षणं दिसत होती, मी दुर्लक्ष केलं. पहाटं उजवा इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे मिणमिणत उघडझाप करायचे. ब्रेक दाबला की टेप बंद पडायचा. फॉग लाईट एकच लागायचा, तो पण बाटलीत काजवा कोंडल्यागत. अन् गंमत अशी की दहा वाजले, ऊन तापलं, की गाडी एकदम शहाणी. दोनदा लातूरला वायरिंगवाल्याकडं नेली, दोन्हीदा दुपारी गाडीनं त्याच्यासमोर सगळे दिवे नीट लावून दाखवले. दुसऱ्या वेळी तर तो माझ्याकडंच असा बघायला लागला की मी रात्री काही घेऊन गाडी चालवतो की काय.

मग मीच डोकं चालवलं, अन् तिथंच सगळं आणखी बिघडलं. पाणी आत जातंय ना, मग पाणी बंद करू. फ्यूज बॉक्सला दोन कॅरीबॅग गुंडाळून वरून चिकटपट्टी. मागच्या दिव्यांच्या कपलरला, म्हणजे दोन वायरी एकमेकींत बसतात त्या प्लास्टिकच्या जोडाला, घरात उरलेला सिलिकॉन ठासून भरला, तोच बेसिनच्या कडेला लावतात तो, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा. चार दिवस छाती फुगवून फिरलो. पाचव्या दिवशी कॅरीबॅग सोडली तर आतून थेंबच थेंब, पावसाळ्यात पण एवढं पाणी तिथं कधी बघितलं नव्हतं. दिवसा बॅगेतली हवा तापायची, आतल्या मातीतला ओलावा वाफ व्हायचा, रात्री तीच वाफ गार होऊन फ्यूजवर बसायची, अन् बाहेर जायला रस्ता मीच बंद केलेला.

त्याच दिवसांत एक गोष्ट डोळ्यासमोर होती पण डोक्यात शिरत नव्हती. जीप अंगणात अर्धी लिंबाखाली अन् अर्धी उघड्यावर उभी राहायची. सकाळी उघड्यावरचं बोनेट असं ओलं की बोटानं नाव लिहावं, अन् लिंबाखालचा मागचा भाग जवळजवळ कोरडा. माय म्हणायची दहिवर आभाळातून पडतं म्हणून. पडत नाही ते. आभाळ निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता सरळ वर आभाळाला देऊन बसतो अन् भोवतालच्या हवेपेक्षा पण गार होतो, मग हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसती. वर लिंबाचा पाला असला, नाहीतर साधं पत्र्याचं शेड असलं, की ती उष्णता एवढी निघून जात नाही. म्हणजे पाण्यासाठी वरून गळायलाच पाहिजे असं काही नाही, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला, रिलेच्या (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) पोटाला, जिथं पावसाचा थेंब जन्मात पोचणार नाही तिथंपण गार पत्रा असला की पाणी तयार होतं. हे कळल्यावर कॅरीबॅगचं लई हसू आलं.

पण एक कोडं राहिलंच. मागचा भाग जर लिंबाखाली कोरडा, तर सगळ्यात जास्त भानगड मागच्याच दिव्यांत का?

ह्याचं उत्तर मामूनं दिलं. मामू म्हणजे लातूरला रस्त्याच्या कडेला टपरीवजा गॅरेज टाकून बसलेला म्हातारा माणूस, आयुष्यभर ट्रकची वायरिंग केलेला. त्याला सगळं सांगितलं तर म्हणला, "मालक, गाडी दुपारी दाखवून काय उपयोग, रात्रीची इथंच उघड्यावर सोडा, मी फजरच्या नमाजनंतर बघतो." एवढी साधी गोष्ट आधीच्या दोघांना सुचली नव्हती, अन् मला पण नाही. मी रात्री पाहुण्याकडं मुक्काम केला अन् सहाला चहा घेऊन मामूकडं हजर. थंडी मरणाची. बातम्यांत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आकडा सांगतात तेवढं काही आमचं लातूर गारठत नाही, पण उघड्या रस्त्यावर सहा वाजता बोटं वाकत नव्हती हे खरं.

मामूनं टेस्टिंगचा दिवा काढलाच नाही, मल्टिमीटर काढला. मागचे दिवे चालू करायला लावले, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, त्यासाठी लांब वायर जोडून, अन् दुसरी मागच्या दिव्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून परत मायनसला जातो त्या नटाला. मला म्हणला आकडा वाच. ३.१ व्होल्ट. म्हणला, इथं जवळजवळ शून्य पाहिजे, पॉइंट एक-दोनच्या आत, हे तीन व्होल्ट तुमच्या नटातच मरायलेत, दिव्याला काय मिळणार डोंबल. अन् अर्थ नीट मिळाला नाही की इंडिकेटरचा करंट दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून एक लावला की सगळे डोळे मिचकावतात. दुपारी तोच नट वाळला की पुन्हा बऱ्यापैकी जोडला जायचा, म्हणून गाडी शहाणी.

मग तो नट खोलला. जीपच्या मागच्या फरशीच्या कोपऱ्यात, चाकाच्या बाजूला. खालून निघाला तो लालसर-हिरवा चिखलाचा गोळा, नखानं उकरावा तर आत चमचम करणारे बारीक खडे. मामूनं ते चिमटीत धरले, वासबीस घेतला, अन् एक कण चक्क जिभेला लावून थुंकला. "वायर सडली नाही मालक, खाल्लीय. खतानं."

लाल पोटॅश. मला तिथंच ऐन थंडीत घाम आला, कारण ऊसाला टाकायचं पोटॅश अन् गव्हाचा युरिया दोन्ही मी ह्याच जीपमधून नेतो, पोतं दगडाला लागून फाटतं, सांडतं, आपण पायानं बाजूला सारतो. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. माझा पुतण्या कॅनडात असतो, तो सांगायचा की तिकडं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात अन् त्या मिठानं गाड्या खालून गंजतात, वायरी जातात. इंटरनेटवर बघावं तर थंडीतल्या गाडीच्या वायरिंगवर सगळे बर्फाचं अन् त्या मिठाचंच सांगतात. मी म्हणायचो आपल्याकडं कुठलं आलंय मीठ. आलं की, पन्नास किलोचं पोतं, मी स्वतः खांद्यावर घेऊन टाकलेलं. वर युरियाला हवेतला ओलावा ओढायची सवय, उघडं पोतं थंडीत दोन रात्रीत दगड होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत. पत्र्यावर थोडं जरी दहिवर आलं तरी हे खत ते धरून ठेवतं अन् उन्हं वर येईपर्यंत सोडत नाही. नुसतं दहिवराचं पाणी तसं करंटला फार वाट देत नाही, पण मीठ मिसळलं की तेच पाणी वायरचं काम करतं. अन् जिथं प्लसची वायर उघडी असंल तिथं तर १२ व्होल्ट दिवसरात्र तांबं विरघळवत बसतात, हिरवी बुकणी होते ती त्याचीच.

हॉर्नचं भूत पण तिथंच सापडलं. हॉर्नचं बटण म्हणजे फक्त रिलेला बॉडीचा अर्थ देणं, दुसरं काही नाही. त्या बटणाची वायर स्टेअरिंगच्या कॉलमला घासून नखभर उघडी पडली होती अन् मधल्या फटीत माझ्याच बुटांनी आणलेली खताची माती बसलेली. दहिवरानं ती भिजली की बटण कुणी दाबायची गरजच नाही.

काम दोन दिवस चाललं, मी शेजारी स्टुलावर बसून हरकाम्या. पहिलं बॅटरीची मायनस काढली, दहाचा पाना. मग प्रत्येक कपलर सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो, हे मामूनंच सांगितलं, म्हणला मला सगळं पाठ आहे पण तुमची गाडी आहे, तुमच्याकडं असू द्या. मागच्या दिव्याची वायर त्यानं कटरनं कापली तर आतलं तांबं काळंकुट्ट. वरून रबर एकदम नवं दिसतंय अन् आत सगळं काळं. अजून चार बोटं कापली, काळंच. जवळजवळ वीतभर कापल्यावर लालभडक तांबं दिसलं. तारेच्या बारीक धाग्यांमधून पाणी वातीसारखं वर चढत जातं म्हणे, म्हणून नुसतं टोक घासून जोडणाऱ्याचं काम दोन महिन्यांत परत येतं. मी आधी एकदा असंच पीळ मारून काळी टेप गुंडाळली होती, ती टेप काढताना गूळ चिकटल्यागत हाताला लागली, आत पाणी.

ह्या वेळी जोड सगळे क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर आतून गम असलेली स्लीव्ह. ती थोडी महाग मिळते पण गरम केली की आकसते अन् दोन्ही टोकांनी गमाचा बारीक मणी बाहेर येतो, तो मणी दिसला की समजायचं पाणी बंद. मामूनं एक जोड मला करू दिला, मी लायटर इतक्या जवळ धरला की स्लीव्हच्या जागी वडा झाला, पुन्हा कापून नवी. माझा सिलिकॉन काढायलाच तासभर गेला. "ये बेसिन का माल है मालक, वायर को नक्को." त्या आंबट वासातच ॲसिटिक ॲसिड असतं, ते वाळताना सुटतं अन् तांब्याला खातं, म्हणजे खतानं कमी केलं ते मी पुरं केलं होतं.

कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या दाताच्या ब्रशनं घासल्या, वाळू दिल्या, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. इथं मी मामूशी वाद घातला, म्हणलं ग्रीसमधून करंट कसा जाणार. जात नाहीच, म्हणला. पिन घट्ट बसताना धातूला धातू लागतो तिथलं ग्रीस बाजूला सरकतं अन् उरलेलं ग्रीस भोवतीनं पाण्याला अडवून धरतं. पण पिन ढिली असंल तर आधी ती घट्ट करा, नाहीतर ग्रीस मधीच बसंल. अन् चाकाचं ग्रीस लावू नका, त्यानं रबराचे सील फुगतात. अर्थच्या लगांना, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्यांना, मात्र काचपेपरनं रंग घासून पांढरा पत्रा काढला, नट आवळला अन् मग वरून ग्रीस. मागच्या दिव्यांचा अर्थ फरशीवरून उचलून हातभर वर, हूडच्या दांडीजवळ बसवला, अन् वरून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी वायरच ओढली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फुकटची होती. रिले माझ्या गाडीत तोंड वर करून बसवलेला, म्हणजे वाटीच की. तो उलटा केला, पिना खाली. अन् प्रत्येक कपलरच्या आधी वायरला खाली झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळत आलेलं पाणी त्या झोळात खाली टपकतं, वर चढून कपलरमध्ये जात नाही. घराच्या लाईटची सर्व्हिस वायर भिंतीत शिरायच्या आधी खाली वाकवलेली असते ना, तेच. फ्यूज बॉक्सला वरून झाकण, पण खाली मामूनं ड्रिलनं बारीक भोक पाडलं. मी म्हणलं अहो आपण बंद करायलोय अन् तुम्ही भोक पाडायलाव. म्हणला, कॅरीबॅगमध्ये काय झालं विसरलाव का.

फॉग लाईटची वायर आधी फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर होती, लावणाऱ्यानं लावून दिलेली. दोन ५५ वॅटचे दिवे म्हणजे नऊ-सव्वानऊ अँपिअर, तिथं बॅटरीजवळच १५ चा फ्यूज अन् मधी रिले. ओल्या वायरिंगात फ्यूज नसणं म्हणजे काडीपेटी खिशात घेऊन कडब्याच्या गंजीवर झोपणं.

एक शेवटचं राहिलं होतं, सकाळी स्टार्टर कण्हायचा. मला वाटायचं थंडीनंच होतंय. थंडीत बॅटरीचा दम कमी होतो हे खरंच, अन् डिझेल गाडीला हिटर प्लग तापवायला वरून करंट लागतो, पण मामूनं मायनसच्या मधी मीटर लावून चावी बंद असताना किती करंट जातोय ते बघितलं. ३८० मिलीअँपिअर. ५० च्या आत पाहिजे. एकेक फ्यूज उपसत गेलो तर टेपचा काढल्यावर आकडा धपकन खाली आला. दिवसाला नऊ अँपिअर-तास नुसता टेप खात होता, ६० ची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत अर्धी. टेपची वायर चावीवर घेतली, विषय संपला. (मीटर असं मधी लावलेलं असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मी मारला.) आता रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी १२.५ च्या वर आकडा असतो, १२.२ दिसला की अर्धी उतरलीय समजायचं.

संध्याकाळी पुन्हा तेच मोजमाप, बॅटरीच्या मायनसपासून मागच्या दिव्यापर्यंत. ०.०६. सामान-मजुरी मिळून साडेतीन हजाराच्या आत काम झालं, ह्याच्यापेक्षा जास्त मी आधीच्या दोघांकडं चकरा मारण्यात डिझेल जाळलं असंल.

घरी आल्यावर गाडी पूर्ण लिंबाखाली घ्यायचं ठरवलं तर बायको म्हणली, "अहो, तिथं उंदरांचं काय?" हे पण खरंच. थंडीत गरम इंजिनवर उंदीर येऊन बसतात अन् वायरी कुरतडतात, म्हणून आमच्याकडं बरेच जण रात्री बोनेट उघडं ठेवतात. बोनेट उघडं ठेवलं की दहिवर आत, बंद ठेवलं की उंदीर आत. आम्ही शेवटी गोठ्याच्या पत्र्याची एक बाजू वाढवून घेतली, बोनेट उघडं अन् वर पत्रा. लिंबाचा आणखी एक तोटा मेहुण्यांच्या नव्या गाडीत बघितला, वायपरच्या खाली पाणी निचरायला जी नाळी असते ती लिंबाच्या काड्यांनी तुंबली अन् पाणी आत पायाशी. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तेवढं महिन्यातून एकदा हातानं साफ करावं.

खत नेणं काही बंद करता येत नाही. आता पोत्याखाली ताडपत्री टाकतो, अन् खत नेलं त्या दिवशी दुपारच्याच वेळी बादलीनं साधं पाणी मारून फरशी धुतो, उन्हात वाळवतो. प्रेशरच्या पंपानं नाही, तो पाण्याला कपलरच्या आत ढकलतो.

आठ दिवसांनी येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा आमच्याकडचा शेतातला सण. घरातल्या बाया रात्रभर जाग्या, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, सगळं टोपल्यात भरून सकाळी जीपमध्ये. नदीजवळ धुई दाट होती, दोन्ही फॉग लाईट पिवळेजर्द लागले, इंडिकेटर दिला तर एकच दिवा उघडझाप करायला लागला, मी दोन-तीनदा उगीच देऊन बघितला. मागं माय आंबिलीचं बिंदगं मांडीशी धरून बसलेली. कॅनॉलच्या पुलावर खड्डा आला, मी आरशात इंडिकेटरच बघत होतो, गाडी आदळली अन् बिंदगं कलंडलं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ, ताक, लसूण अन् मीठ. सगळी वाहत गेली ती बरोबर चाकाजवळच्या त्याच कोपऱ्यात, जिथं आधी अर्थचा नट होता.

"आता काय रे?" माय म्हणली.

म्हणलं काही नाही माय, तू बस. वावरात पोचल्यावर पूजेच्या आधी विहिरीवरून दोन बादल्या आणल्या.